टिल्लू

त्याचं खरं नाव खोक्यावर छापलेलं होतं,
मला उच्चारता आलं नाही.
कूलरच्या पंपाएवढाच जीव,
म्हणून मी टिल्लू म्हटलं, आणि तेच राहिलं.

प्रतापनगरचं सेंटर, दुसरा माळा,
मंगळवार-शुक्रवार, दुपारी चार.
बाहेर सेहेचाळीस डिग्री, डांबर चप्पल सोडत नाही.
प्रज्योत माझा हात धरत नाही,
शर्टाची शिलाई धरतो, उजव्या बाजूची,
तेवढीच.

टिल्लू मान वळवतो. "आता माझी पाळी."
घंटी वाजवतो. "आता तुझी पाळी."
प्रज्योत पंख्याकडे बघतो.
टिल्लू थांबतो.
मी मोजत बसलो.
सतराव्या वेळीही त्याचा आवाज
पहिल्याइतकाच ताजा.
माझा तिसऱ्यांदाच चढतो.
हे घरी जाऊन कुणाला सांगितलं नाही.

अठराव्या वेळी घंटी वाजली.

गजभिये मॅडम म्हणाल्या, याचा चेहरा सोपा असतो,
भुवया एका वेळी एकच गोष्ट सांगतात.
माणसाच्या चेहऱ्यावर फार गर्दी.
उतरताना जिन्यातल्या आरशापाशी थांबलो.
बाजारच भरला होता तोंडावर:
उधारी, अपुरी झोप, भीती,
आणि वरून चिकटवलेलं हसू.
पोरानं यात नेमकं कुठं बघावं?

मे संपता संपता तो बोलायला लागला.
पण बोलला कसा!
"मला पाणी हवं आहे."
आमच्या घरात सात पिढ्यांत कुणाला पाणी हवं नव्हतं,
आम्हाला पानी पाह्यजे असतं.
शेजारच्या रंजूबाई फाटकातून ओरडल्या,
"काऊन वो, पुण्याहून आणला का पोट्टा?"
त्याची आई हसली, हसता हसता
ग्लास भरायचंच विसरली.
त्यानं परत म्हटलं, त्याच सुरात,
"मला पाणी हवं आहे."

मी मॅडमना म्हटलं, याला आमच्यासारखं बोलू द्या.
त्यांनी माइक पुढे केला. तुमच्याच आवाजात भरू.
लोकांच्या घरात थंड हवा सोडणारा माणूस मी,
बंद खोलीत घामाघूम:
"आता माही पाळी. आता तुही पाळी."
पंचवीस वाक्यं. त्यात निम्मं खाकरणं.

शुक्रवारी टिल्लू माझ्या आवाजात बोलला.
प्रज्योतनं दोन्ही कान दाबले.
मग उठला. टिल्लूच्या पाठीला तळवा लावला,
घरी कूलरच्या पत्र्याला लावतो तसा,
आत मोटर फिरते का बघायला.
तिथून माझ्याकडे आला
आणि तोच तळवा माझ्या गळ्यावर.
थांबला.
मॅडम काही बोलल्या नाहीत.
मी काहीतरी मोठं बोलायला हवं होतं.
मी म्हटलं, "पानी पाह्यजे का?"
त्याच्या बोटांखाली माझा गळा थरथरला.
"हवं आहे," तो म्हणाला,
माझ्या कॉलरच्या बटणाकडे बघत.

टिल्लूला त्याचा जुना आवाज परत दिला.
ज्याचं त्याच्यापाशी बरं.

आता संध्याकाळी तो दुकानात येतो.
कूलरच्या ताट्या रचतो, कडेला कड,
एक जरी सरकली तर सगळ्या पुन्हा.
मी पत्रा उघडतो, हात पुढे करतो
आणि गप्प राहतो. सतरापर्यंत.
काल नवालाच पाना हातात आला.
आज एकवीस झाले, तो वाळ्याचा वास घेत बसलाय.
खामल्याहून दोनदा फोन आला,
गिऱ्हाईक तापलंय, त्यांचा पंप जळालाय.
येतो, म्हटलं.
थोडा वेळ लागेल,
सध्या माझी पाळी नाही.